जपानी भुताची मराठी

भुताच्या गोष्टी रात्री रंगतात म्हणतात. आमच्याकडे त्या सकाळी अकराला, फिल्टर कॉफीबरोबर, इंदिरानगरच्या ऑफिसात जमत गेल्या. आमचं काम सबटायटलचं. एका जपानी ॲनिमेशन मालिकेला आम्ही वर्षभर मराठी ओळी लिहिल्या, आणि मग त्या मालिकेवरचा सिनेमाही आमच्याचकडे आला. शाळकरी मुलगी गेलेल्या माणसांशी बोलते आणि त्यांच्या मृत्यूचा छडा लावते, अशी ती कथा. मराठीला आम्ही तिघंच. पुण्याहून आलेली मी, निपाणीचा संतोष आणि विद्याक्का. विद्याक्काचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, बेंगळुरातलं. तिच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते तिलाही सांगता यायचं नाही.

*

संतोषचं काम टायमिंगचं. कुठली ओळ पडद्यावर किती वेळ राहणार ते तो ठरवायचा. सिनेमातलं पहिलं भूत खिडकीत येतं, एक भलामोठा शाप देतं आणि नाहीसं होतं. विद्याक्कानं तो शाप मन लावून लिहिला होता, सात पिढ्यांसकट.

संतोष म्हणाला, "अक्का, एवढं वाचून होईपर्यंत भूत गेलेलं असतंय. कमी करा की."

विद्याक्का म्हणाली, "शाप कसा कमी करायचा? त्यालाच सांग, स्वल्प थांब म्हणून."

शेवटी पडद्यावर आलं, 'तुमचं वाटोळं होईल.' सात पिढ्या वाचल्या.

*

चोरी होऊ नये म्हणून सुरुवातीला सिनेमा अगदी धूसर करून पाठवतात. माणसं म्हणजे नुसते करडे ठिपके. आवाज आणि इंग्रजी संवाद यांवरच काम चालायचं. त्यात एक वाक्य होतं, गोरो परत आला, त्याला भूक लागली असेल. घरातली सगळी माणसं गोरोची काळजी करत होती, म्हणून विद्याक्कानं लिहिलं, 'गोरो आले. त्यांना भूक लागली असेल. आधी त्यांना वाढा.'

शेवटच्या तपासणीला स्वच्छ चित्र आलं. गोरो कुत्रा होता.

मी बदलायला निघाले, तर विद्याक्का म्हणाली, "राहू दे की. म्हातारा दिसतोय."

*

बसस्टॉपवर बसून राहणारं एक भूत होतं, साधारण साठीची बाई. तिला म्हणायचं काय यावर आमची अख्खी सकाळ गेली. मी 'आत्मा' सुचवलं, ते संतोषला कीर्तनातलं वाटलं. त्यानं 'हडळ' सुचवलं. विद्याक्कानं पेन खाली ठेवलं.

"ती कुणाला त्रास देते का? गप्प बसून असते बिचारी. हडळ काय म्हणतोस? बाई म्हण. आणि त्या मुलीला सांग, अहो-जाहो करायला. वयानं मोठी आहे ती."

आम्ही 'बसस्टॉपवरच्या बाई' असं लिहून पाठवलं. मुंबईहून तपासणाऱ्यांचा फोन आला. या बाई मराठीत जिवंत केल्यात का, असं त्यांनी विचारलं.

संतोष म्हणाला, "नाही सर. वारल्यात. पण मान आहे."

*

एकदा मी जयनगरहून रिक्षानं ऑफिसला येत होते. फोनवर संतोष होता. मी म्हणत होते, "विहिरीत ढकललं हे इतक्यात कुणाला कळता कामा नये. तो घर सोडून गेला असंच सगळ्यांना वाटू दे. बायकोलासुद्धा."

रिक्षावाला आरशात बघत होता. कन्नड माणूस, त्याला काय कळणार, म्हणून मी चालूच ठेवलं. उतरले, मोबाइलवरून भाडं पाठवलं. ते आलं की नाही हेही न बघता त्यानं रिक्षा सुरू केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ताई, मी खानापूरचा. पण मी काही ऐकलेलं नाही."

*

सिनेमा टीव्हीवर आला तेव्हा विद्याक्कानं आम्हाला रविवारी दुपारी जयनगरच्या घरी जेवायला बोलावलं. घरात ती आणि तिचे वडील, अप्पा. अप्पांना बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखतात. विद्याक्काच्या आईचा आवाज शेवटच्या आजारात पूर्ण गेला होता. ती नुसते ओठ हलवायची. डॉक्टरांना कळायचं नाही, विद्याक्काला कळायचं नाही, अप्पांना सगळं कळायचं. आई गेल्यावर मात्र अप्पांचं बोलणं जवळजवळ थांबलं. आधी एकटे जेवायचे, की खोलीत. विद्याक्का मागून एकटीच जेवायची.

त्या दिवशी मात्र जेवणाआधी ते आमच्याबरोबर सिनेमाला बसले. मुलीनं लिहिलेल्या ओळी म्हणून एकेक ओळ नीट वाचत होते. गोरोला वाढलं तेव्हा हसलेही.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. मुलगा आगगाडीत बसलाय, त्याची वारलेली आई फलाटावर उभी आहे. मधे काच. गाडी हलते, आई काहीतरी बोलते, पण आवाज येत नाही. मूळ संवादातही ती जागा रिकामी होती आणि सोबत सूचना होती, इथे काहीही लिहू नये. आम्ही लिहिलं नव्हतं.

सिनेमा संपला. अप्पा म्हणाले, "चांगलं लिहिलंय. एके ठिकाणी मात्र विसरलात."

विद्याक्का त्यांच्या समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "अप्पा, तिथं आवाजच नाहीये."

"मला कुठं आवाज येतोय? तोंड दिसलं की तिचं."

संतोषनं माझ्याकडे बघितलं. चित्रातली बाई, ती जपानी, आणि ओठ म्हणजे दोन रेघा.

विद्याक्कानं विचारलं, "काय म्हणाली?"



"म्हणाली, विद्याला एकटीला जेवायला बसवू नका."

मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि चार ताटं घेऊन आले.