लख्ख बैठकीतला रेडिओ
चांद्याला आमचं भाड्याचं घर लहानच होतं, पण बैठकीला पूर्वेकडे तीन खिडक्या आणि पश्चिमेला सताड उघडी ओसरी. दिवसभर उजेड नुसता ओतायचा. सासूबाई तिथेच तांदूळ निवडायच्या, मी तिथेच शिवणाचं मशीन घेऊन बसायची.

यजमान जंगलखात्यात होते. त्यांनी दिवाळीत रेडिओ घ्यायचं ठरवलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. स्वस्त हवा, पण हलका नको. रविवारी दुकानं पालथी घालायची, जेवताना एकेका सेटचं लाकूड आणि आवाज मला ऐकवायचा, आणि शेवटी म्हणायचं, "पाहू अजून." शेजारणीचा रेडिओ भिंतीतून ऐकू यायला लागला तरी आमचं पाहणं संपेना.

चैत्रात एकदाची सायकलरिक्षातून पेटी आली. रेडिओला समोर काचेचा, हिरवा उजळणारा डोळा होता. केंद्र नीट लागलं की तो मिटत यायचा. बोळातल्या अंधाऱ्या दुकानात ह्याच डोळ्यावर यजमान भाळले होते. संध्याकाळी आम्हीही कौतुकाने पाहिला.

सकाळी ऊन आत आलं आणि डोळा दिसेनासा झाला. तपकिरी काचेवरची केंद्रांची नावंही गेली. यजमान काचेला नाक लावून, हाताचा आडोसा करून बटण फिरवत होते.

"नागपूर कुठी गेलं?"

शेजारी बातम्या चालल्या होत्या. आमची पेटी नुसती शिट्ट्या मारत होती.

रेडिओ बदलायचा सोडून त्यांनी खिडक्यांना चादरी ठोकल्या, ओसरीच्या दारात सतरंजी टांगली. चांद्याचा उन्हाळा! आत आम्ही घामाने निथळत होतो.

सासूबाई वैतागल्या. "मले खडे दिसून नाई राह्यले बापा."

"थोडं थांब ना माय, बातम्या होऊ दे."

दुपारी भातात यजमानांच्या दाताखाली खडा आला, आणि त्यांनी रागाने पाहिलं कोणाकडे? माझ्याकडे! मी ताटावरून उठले आणि सगळ्या चादरी ओढून काढल्या.

"रेडिओ वापस करा."

"दुकानदार घेणार नाई."

"तुमी विचारलं काय त्याले?"

विचारलं नव्हतं. मग मीच रिक्षा बोलावली.

दुकानाच्या ओट्यावर भर उन्हात पेटी ठेवून मी म्हटलं, "भाऊ, याचा डोळा दाखवा मले."

दुकानदाराने टोपीचा आडोसा केला. "बाई, रेडिओ कानानं आयकतेत."

"मंग केंद्र लावाले काय कानानं पाहू?"

बराच वेळ वाद झाला. ओट्यावर माणसं जमली तसा तो नरमला. एकेक सेट मी उन्हात मांडायला लावला. शेवटी पांढऱ्या काचेवर ठळक काळी अक्षरं असलेला, बिनडोळ्याचा, साधा सेट सापडला. तो पहिल्यापेक्षा स्वस्त होता, म्हणून वरच्या पैशांत एरियलची लांब तार घेतली. नागपूर दोनदा लावून पाहिलं, मगच घरी आणला.

यजमानांनी पेटीवर टिचकी मारली. "लाकूड हलकं आहे."

सकाळी त्यांना लांबूनच नागपूर दिसलं, आणि सासूबाई शेजारी सूप घेऊन बसल्या.

पुढच्या रविवारी त्यांच्या कचेरीतली मंडळी आली. मी चहा घेऊन गेले तर यजमान सांगत होते, "रेडिओ घ्याचा तं उन्हात ठेवून पाहाचा. मी तसाच घेतला."

मी कपबश्या जरा आपटूनच ठेवल्या.