चार नंबरचं मशीन

काल कॉम्प्युटरवरच्या परीक्षांसाठी लिहिलेल्या आमच्या प्रोग्रॅमची चाचणी घेताना कीबोर्डवरची इंग्रजी 'ई' अडकली आणि कुणी हात न लावता स्क्रीन 'ई'नं भरत गेली. माझ्या टीममधली पोरं हसली. मी मात्र सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, टायपिंगच्या परीक्षेला जाऊन बसले.

परीक्षेला क्लासची टाइपरायटर मशीनं हातगाडीवरून केंद्रावर जायची. सर आदल्या दुपारी त्यांवर आमच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचे. माझ्या वाट्याला चार नंबर आलं. त्याची 'ई'ची दांडी कागदाला चिकटून बसायची. डिंक ओला होता. कुणी बघायच्या आत मी माझी आणि पद्माची चिठ्ठी बदलली.

पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलायची. पास झाली असती तर विड्या वळणं सुटलं असतं.

परीक्षेत ती शेजारीच होती. टकटक व्हायची, थांबायची. तंबाखूच्या वासाच्या बोटानं ती दांडी मागं ओढायची, मग पुन्हा टकटक. मी मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "तुझं चांगलं झालं की न्हाय? बास मग. मला मशीनच तसलं आलं, काय करायचं?"

मी पास झाले. ती विड्यांकडे परत गेली.

कुठलं अक्षर कोणत्या कीबोर्डवरून आलं, हे माझा प्रोग्रॅम बिनचूक सांगतो. त्या दिवशी परीक्षकांपुढे नुसते कागद गेले. पद्माच्या कागदावरच्या चुका माझ्या होत्या.