गडावर नेलेले पोहे

आमच्या आळीत पोह्यांना फोडणी बसली की शेजारणी दारात यायच्या. मला दोनदा नकार आल्यावर आई त्या वासालाच घाबरायला लागली. म्हणून तिसरं स्थळ आलं तेव्हा तिनं नामी तोडगा काढला, बघण्याचा कार्यक्रम कर्नाळ्याच्या गडावर करायचा. दोन्ही घरांची म्हणे सहज सहल. जमलं तर जमलं, नाही तर कुणाला कानोकान खबर नको.

सहल म्हणे! मला काठापदराची साडी आणि पायात टाचेच्या नव्या चपला. पलीकडून मुलगा आला तो सफारी सूट घालून. आईच्या पिशवीत पोह्यांचा डबा होताच. मुलीनं हातानं पोहे दिल्याशिवाय बघणं पुरं कसं होणार?

माघ सरत आला होता. पनवेलहून पेणच्या एसटीनं येऊन पायथ्याशी उतरलो तेव्हा अंगाला गारवा लागत होता, तो चढ सुरू होताच पळाला. पायाखाली नुसता पाचोळा, मध्येच एखादी सावर लालभडक फुललेली. एरवी मी थांबून बघितली असती. त्या दिवशी कशातच लक्ष नव्हतं. मला मुलाला एकच गोष्ट विचारायची होती आणि तेवढी दोन मिनिटं काही मिळत नव्हती.

मी तेव्हा उरणकडच्या एका शाळेत शिकवत होते. रोज एसटीनं गव्हाणवरून जायचं, अंग नुसतं खिळखिळं व्हायचं, पण शाळेवर माझा फार जीव. माझ्या आधीच्या दोघी बाई लग्न होऊन गेल्या त्या गेल्याच. म्हणून पोरी दर शनिवारी विचारायच्या, "बाई, तुमी सोमवारी हाय ना?" आदल्या दिवशीही विचारलं होतं. मी हो म्हणून बसले होते, आणि आता ते खरं करणं या सफारीवाल्याच्या हातात होतं.

मागून दोघी आयांचं बोलणं ऐकू येत होतं. घरात माणसं किती, नळाला पाणी कधी येतं, वैशाखातला मुहूर्त बरा की कसं. माझ्या नोकरीचा विषय निघाला रे निघाला की आई माझ्या हातच्या लोणच्यावर घसरायची. मला असा संताप आला की चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच भराभर चढत सुटले.

देवीच्या देवळापाशी दोघींनी बसकण मारली. पुढे सुळक्यापर्यंत मुलगा, त्याची वहिनी आणि मी, एवढेच गेलो. खाली चौकीवरच्या रखवालदारानं बजावलं होतं, सुळक्याला आग्या माश्यांची पोळी आहेत, वर आवाज करायचा नाही. घ्या! मुलगा सापडला, तर बोलायची चोरी.

शेवटी मी अगदी हळू विचारलं, "लग्नानंतर माझी नोकरी चालेल ना?"

माणूस वाईट नव्हता. तोही हसून तितक्याच हळू म्हणाला, "आमच्या वहिनीनंही आधी हट्ट धरला होता. मग सुटली आपोआप. तुम्हीही रुळाल."

वहिनी शेजारीच उभी होती. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. लागलेलंच झाकण पुन्हा पुन्हा लावत होती.

खाली देवळापाशी आलो तर आईनं डबा उघडून ठेवलेला. पहिली बशी तिनं माझ्या हातात दिली आणि डोळ्यांनीच मुलाच्या आईकडे खूण केली. मी बशी घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि सगळ्यांच्या देखत खायला लागले. मी शेवटचा शेंगदाणासुद्धा सोडला नाही. मग मुलाची आई उठली, पदर झटकला आणि निघूया म्हणाली.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली. शिरढोण गेलं, पळस्पे गेलं. या स्थळावर तिनं किती आशा लावली होती ते मला ठाऊक होतं, आणि त्याचंच मला रडू येत होतं. पनवेलचा स्टँड जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मीठ बरोबर होतं का गं?"

होतं, म्हटलं.

"मग उद्या डब्यात पोहेच देते. जास्तच करते, तुझ्या पोरींना पुरतील असे."