तिघांचा ओव्हर

‘‘सिस्टर, तिथं पाय नका ठेवू. त्याच्या पोटाला लागेल,’’ मॅडम म्हणाल्या, आणि मी उचललेला पाय तसाच धरून रिकाम्या गोठ्यात उभी राहिले.

खाली सारवलेली जमीन होती. तिच्यावर भिंतीला लागून तीन घोंगड्या अंथरलेल्या. घोंगड्यांवर कुणीही नव्हतं. म्हशी पलीकडच्या नव्या शेडमध्ये गेल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि मला भर दुपारी काटा आला.

मी बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे होम व्हिजिट असते, म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन वगैरे करायचं. शेळगावच्या या मॅडम माझ्या ठरलेल्या पेशंट. त्या मिलिटरीत नर्सिंग ऑफिसर होत्या. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीजवळच्या हॉस्पिटलात ड्यूटी केलेली. लग्न केलं नाही. रिटायर होऊन भावाच्या घरी आल्या, पुढे भाऊही गेला. आता पुतण्या संजय आणि त्याची बायको वैशाली त्यांना सांभाळतात. शुगरमुळे पायाला झालेली जखम छान भरत आली होती आणि डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं. हे सगळं सुरू झालं एका पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक मीच त्यांच्याकडे नेलं होतं.

महायुद्धातल्या नर्सेसवरची ती कादंबरी तेव्हा जो तो वाचत होता. रिसेप्शनवरच्या मुलीपासून डॉक्टरांच्या मिसेसपर्यंत सगळ्या तिच्या नावानं डोळे पुसत होत्या. मला आधी अभिमानच वाटला. आमच्या कामावर एवढं जाडजूड पुस्तक कोण लिहितं? मोठ्या हौसेनं विकत आणलं आणि थोड्याच पानांत तोंड कडू झालं. अख्ख्या पुस्तकात एकही पेशंट बेडपॅन मागत नाही. नायिकेच्या ॲप्रनला डाग नाही, पायाला सूज नाही. तिचं मुख्य काम म्हणजे जखमी कॅप्टनच्या कपाळावर हात ठेवणं. आम्हीही ठेवतो, पण ताप बघायला.

तरी वाटलं, मॅडमनी खरी लढाई पाहिली आहे, त्यांना वाचून दाखवलं तर जुन्या आठवणी निघतील. ड्रेसिंग झालं की चहा होईपर्यंत मी एखादं प्रकरण वाचायचे. सुरुवातीला त्या पोट धरून हसल्या. कॅप्टन आला की म्हणायच्या, ‘‘ह्याला डिस्चार्ज द्या कुणीतरी.’’

मग ते प्रकरण आलं. शत्रू जवळ येतो, हॉस्पिटल हलवायचा हुकूम सुटतो, पण काही जखमींना हलवता येत नाही. नायिका गाडीत बसायला नकार देते आणि त्यांच्याबरोबर मागे राहते. सकाळ होते, सगळे वाचतात, कॅप्टन लग्नाची मागणी घालतो. मी पान उलटलं तर मॅडम हसत नव्हत्या.

‘‘आणि कोपरा?’’ त्यांनी विचारलं. ‘‘ह्यात कोपरा कुठं आहे?’’

मग त्यांनी मला सांगितलं. लढाईत एकदम खूप जखमी येतात तेव्हा त्यांची विभागणी करावी लागते. काहींना लगेच हात लावायचा, काही थांबू शकतात, आणि काहींच्या बाबतीत करण्यासारखं उरलेलं नसतं. त्यांना दुखणं कमी करायचं इंजेक्शन देऊन एका बाजूला ठेवतात. मॅडमच्या वॉर्डात ती जागा म्हणजे कोपरा. ज्या दिवशी मॅडमना हलवता येण्याजोगे पेशंट घेऊन निघायचा हुकूम आला, त्या दिवशी कोपऱ्यात तिघं होते. गाडी दारात उभी होती. डॉक्टर मागे थांबणार होते, एक अर्दलीही होता. पण बदलीची सिस्टर अजून पोचली नव्हती, त्यामुळे मॅडमना ओव्हर देता आला नाही. तिघांचं पुढे काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही.

ओव्हर म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्यूटी संपली की जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन एकेका बेडपाशी उभी राहते. याचं काय, त्याचं काय, काय द्यायचं, काय द्यायचं नाही, सगळं तोंडी सांगते. येणारी म्हणते, घेतला. तोपर्यंत पेशंट जाणारीचेच. आमच्या लाइनीत घरी आग लागली तरी ओव्हर दिल्याशिवाय वॉर्ड सोडत नाहीत.

मॅडमची भाषा इतकी वर्षं बाहेर राहून स्वच्छ झाली होती, पण रागावल्या की शेळगाव बाहेर यायचं. ‘‘घिऊन जावा हे पुस्तक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लिहिणाऱ्यानं त्यांना जागाच ठिवली न्हाय. आता ती कुठं जातील?’’

मी पुस्तक पिशवीत घातलं. पुढच्या खेपेला गेले तेव्हा मॅडम खोलीत नव्हत्या. वैशालीनं तोंड फिरवून गोठ्याकडे बोट केलं.

त्यांनी स्वतः गोठा झाडून घेतला होता, घोंगड्या टाकल्या होत्या. सकाळपासून तिथं स्टूलवर बसून असायच्या. जेवायच्या नाहीत, झोपायच्या नाहीत. एकदा उठताना पडल्याही होत्या. मला बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, आज तिसरा जरा शांत आहे.

मी तिसऱ्या घोंगडीजवळ वाकले आणि मला वास आला. सडलेल्या जखमेला एक गोडसर वास येतो. एकदा घेतला की नर्स तो विसरत नाही. मला वाटलं, मॅडमचा पाय बिघडला. तिथंच ड्रेसिंग सोडलं. जखम कोरडी, गुलाबी, एक नंबर. मेलेला उंदीर असेल म्हणून गव्हाण, कोपरे, पत्र्याच्या फटी पाहिल्या. काही नव्हतं. घोंगडीपासून चार पावलं मागे आलं की वास नाहीसा व्हायचा. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

संजय लोणी देवकरला कंपनीत कामाला आहे. त्या दिवशी रजा टाकून थांबला होता. माणूस वाईट नाही, पण कावला होता. ‘‘सिस्टर, आमी दोघंबी कामाला जातो. आत्या हितं पडून ऱ्हायली तर कोण बघणार? झोपंचं औषध वाढवा, न्हायतर पुण्याला संस्थेत ठिवतो. सोमवारची गाडीबी सांगितलीया.’’

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तुम्ही समोर आहात, तुम्ही सांगाल तसं करू. झोपेच्या औषधावर या वयाची माणसं तोल जाऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात. आणि पुण्याला नेलं तर मॅडम फार दिवस काढणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. घर सुटलेले असे पेशंट मी पाहिले आहेत, ते आजारानं जात नाहीत. मी संजयकडून एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण युनिफॉर्ममध्ये गेले. नेमप्लेट, घड्याळ, सगळं. गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाले, ‘‘मॅडम, बदलीला आले. ओव्हर द्या.’’

त्या स्टूलवरून उठल्या आणि पाठ ताठ झाली. आवाजही बदलला, बाईचं वय एकदम उतरलं. पहिल्यापाशी नेऊन म्हणाल्या, पोटाची जखम आहे, पाणी मागेल, द्यायचं नाही, ओठ ओले करायचे. दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे, तो भावाला हाका मारतो, ओ द्यायची. तिसऱ्यापाशी आलो तेव्हा तो वास इतका दाट होता की मी पदर शोधला, आणि युनिफॉर्मला पदर नसतो.

‘‘हा बोलत नाही, पण ऐकतो. त्याच्यासमोर काही वेडंवाकडं बोलू नका.’’

मी सवयीनं विचारलं, ‘‘नाव?’’

‘‘मला नाही सांगितलं त्यानं. तुम्ही विचारा. नव्या सिस्टरला सांगेल.’’

दारात उभी असलेली वैशाली मागे सरकली. मी म्हणाले, ‘‘ओव्हर घेतला, मॅडम.’’

मॅडमनी मान हलवली आणि मागे न बघता घरात गेल्या. वरणभात मागून घेतला, पोटभर जेवल्या आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या. सोमवारची गाडी रद्द झाली. संजयनं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. मीही खूश होते. नाटक तर नाटक, पण बाईचं घर वाचलं. पुढच्या खेपेला मी सहज गोठ्याचा विषय काढला तर त्या माझ्याकडे आश्चर्यानं बघायला लागल्या. म्हणाल्या, ते आता तुमचे पेशंट, मला कशाला विचारता?

काही दिवसांनी आमच्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात मला तो वास आला. शेवटच्या बेडपलीकडे एक कोपरा आहे, तिथं व्हीलचेअर ठेवतात. मी ड्रेसिंगच्या बादल्या तपासल्या, ड्रेनेज उघडायला लावलं, फरशी फिनाइलनं दोनदा पुसून घेतली. वास जायचा आणि माझी ड्यूटी लागली की यायचा. बाकी कुणाला येत नव्हता, म्हणून मी विषय सोडून दिला.

मग पणदऱ्याचे एक आबा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. शेवटचा बेड त्यांचा. दुपारी मी राउंडला गेले तर त्यांनी मला हाक मारली.

‘‘सिस्टर, त्या कोपऱ्यातल्याला पाणी द्या की जरा. लई येळ मागतोय बिचारा.’’

कोपऱ्यात दोन व्हीलचेअर होत्या. आबा शुद्धीत होते, ताप नव्हता, भूल कधीच उतरलेली होती.

‘‘त्याला पाणी द्यायचं नाही, आबा,’’ मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मग मी गॉजची पट्टी ओली केली आणि कोपऱ्यात जाऊन वाकले. आबांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

मॅडमची जखम भरली, त्या मजेत आहेत. त्या जाड कादंबरीची म्हणे नवी आवृत्ती आली. नवीन मुलींना मी एकच गोष्ट शिकवते, ओव्हर तोंडदेखला घेऊ नये. पेशंटची समजूत काढायला म्हणून तर मुळीच नाही. येत्या वर्षी मी रिटायर होते आहे. माझ्या जागी येणारी सिस्टर हुशार आहे, घरी दोन लहान मुलं आहेत तिला. शेवटच्या दिवशी बेड दाखवत दाखवत तिला त्या कोपऱ्यापर्यंत न्यायचं की नाही, हे माझं अजून ठरत नाही.