घरच्यांच्या रांगेत

आई गेली तेव्हा बाबांनी सगळं चोख केलं. मंडप, भटजी, आल्यागेल्याचा चहा, बाहेरगावच्यांची झोपायची सोय. कुणी सांत्वनाला जवळ बसलं की ते "सुटली बिचारी" म्हणत आणि पाणी आणायला उठत. मला वाटलं, तेरावा झाला की मोकळे होतील. कसले होतात! शेवटी मी त्यांना अकोल्याहून उचलून आयर्लंडमध्ये, माझ्याकडे कॉर्कला आणलं, तर इथे येऊन ते खिडकीपाशी बसले आणि परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का ते विचारू लागले. मी औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, पण माणूस आतून आटत चालला आहे हे कळायला कुठली तपासणी लागत नव्हती. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

चिडूनच मी त्यांना गाडीत घातलं आणि ट्रलीच्याही पलीकडच्या एका गावी दोन दिवसांसाठी नेलं. गाव कसलं, एक रस्ता. दोन्हीकडे पिवळी, निळी, गुलाबी दुकानं, एक चर्च आणि तीन पब. त्यातल्या एका पबच्या पाटीवर, बिअरच्या खालच्या ओळीत, अंत्यविधीचीही सोय केली जाईल असं लिहिलेलं. "एकाच छताखाली सगळं," मी म्हटलं. एरवी बाबांनी हे वाक्य चार नातेवाइकांना फोन करून सांगितलं असतं. आता ते नुसतेच बघत राहिले. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, आणि मी आम्हा दोघांच्या वाटचं बोट उचलत होते.

आम्ही उतरलो होतो ते एका बाईंचं घर. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या. सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ लागला होता. बातम्या संपल्या आणि निवेदक परिसरात वारलेल्यांची नावं वाचू लागला. बाईंनी किटली खाली ठेवून आवाज वाढवला. तिथे हे रोजचंच असतं: कोण गेलं, कुठल्या गावचं, भेटायला घरी यायचं की आणखी कुठे. एक नाव आलं आणि बाईंनी हळूच क्रूसाची खूण केली. समोरच्या उतारावरच्या घरातली शेजारीण होती.

"काय म्हनते तो?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मंग आपन केव्हा जातो?"

"बाबा, आपण ओळखतसुद्धा नाही त्यांना."

"बाईच्या घरी उतरलो, शेजारी मयत हाये, अन् आपन फिराले जाव? लोक काय म्हनतीन?"

अकोल्यापासून इतक्या लांब, डोंगर आणि मेंढ्यांच्या मुलखात, कुठले लोक काय म्हणणार होते कोण जाणे. पण कित्येक आठवड्यांत बाबांनी स्वतःहून काही मागितलं ते हेच. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "या की. ग्रँड होईल. सगळेच येतात." तिकडे 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'चालेल'.

सगळेच आले होते. रस्त्याच्या कडेला लांबपर्यंत गाड्या, आणि पिवळी जाकिटं घातलेले दोन गावकरी त्या लावून घेत होते. रांग फाटकापासून सुरू होत होती. पद्धत काय ते बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी बाबांना. पुढच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवतात. शेजारी भिंतीलगत खुर्च्या मांडून घरचे बसतात. आलेल्याने प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, पेटीपाशी जरा थांबायचं आणि चहा-सँडविचसाठी आत निघून जायचं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि केलं भलतंच. आपल्याकडे भेटायला जायचं म्हणजे बसायचं. बोलायचं नाही, पण बसायचं. त्यांनी वारलेल्या बाईंच्या नवऱ्याचा हात हातात घेतला, शेजारची खुर्ची रिकामी दिसली आणि तिच्यावर ते मान खाली घालून बसून गेले.

मागून येणाऱ्या माणसाने नवऱ्याचा हात हातात घेतला, मग बाबांचा. "सॉरी फॉर युअर ट्रबल." त्याच्या मागच्या बाईंनीही तेच केलं. हा सावळा म्हातारा कोण, असं कुणी विचारलं नाही. तिथली माणसं इतकी सभ्य, की त्या खुर्चीवर बैल बसला असता तरी त्याचं शिंग धरून दोन शब्द बोलली असती. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी वाकून कुजबुजले, "बाबा, उठा. ही घरच्यांची जागा आहे."

बाबा गडबडून अर्धे उठले. नवऱ्याकडे वळून, वीज खात्यात फायली लिहून कमावलेल्या इंग्रजीत, हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब, मला माहीत नव्हतं." आणि मग, "माझीही पत्नी गेली."

त्या उंच, थकलेल्या शेतकऱ्याने बाबांची बाही धरली आणि त्यांना खाली बसवलं. रांगेतला पुढचा माणूस आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "यांचीही बायको गेलीय."

ते तोंडोतोंडी रांगेत मागे गेलं. मग येणारे बाबांचा हात जास्त वेळ धरू लागले. बाबांना तिथे कुणासाठी पाणी आणायचं नव्हतं, कुणाची सोय बघायची नव्हती. उठायला निमित्तच उरलं नाही आणि बाबा रडले. चार परक्या माणसांत, खांदे गदागदा हलवत रडले. नवरा आपल्या बायकोच्या पेटीकडे बघत शेजारी बसून होता. आमच्या बाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला, आणि मीही तो कप हातात धरून रडत उभी राहिले. मला फार, फार बरं वाटत होतं.

मग एक वाकलेली आजी आली. तिने बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

बाबांच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारत नसत. आमच्या घरी "अवं" होतं, "ऐकलं का" होतं, माझ्यापुरती "तुही माय" होती. बाबांनी आईचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं.

आजीने ते म्हणून पाहिलं, चुकलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवून. ती नीट म्हणेपर्यंत हात सोडला नाही. तिच्या मागच्यानेही विचारलं, त्याच्या मागच्या बाईंनीही. बाबा सांगत राहिले. आईने हे ऐकायला हवं होतं.