लेकीची खोली

मी वाशीमला राहते आणि शेतकऱ्यांसाठी लहान घरं बांधते. दाबून केलेल्या मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, छताला तुराट्यांची चटई अन् वर कौलं. लोक हसतात. "एवढं शिकून मातीतच आल्या काय मॅडम?" मी विचारते, "तुमचं सोयाबीन काय स्लॅबवर उगवते?" मला भांडायला आवडतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातलं घर मात्र मी दुसऱ्याच बाईच्या हट्टापायी बांधलं. चैत्रात आम्ही अंगणात बसलो होतो. घरधनी काका मला फवारणीचा पंप कुठे राहील, पाइप कुठे, सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, कुठे रचायची ते सांगत होते. काकू चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मले लेकीले निजवाले एक खोली पायजे. दार लागनारी."

त्यांच्या एकुलत्या एका लेकीला नुकतेच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण यांचं जुनं घर म्हणजे टिनाखालची एकच लांबट खोली. लेकीच्या सासूनं सांगून टाकलं होतं की तुमच्याकडे जागा कुठाय, बाळंतपण इथंच होईल. ते काकूंना फार लागलं होतं. "माह्या पोरीचं पयलं बाळंतपण मी नाई करनार त कोन करन?" डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. ती बाई मला तिथेच आवडली.

मी सगळ्यात आधी तीच खोली आखली. चुलीचा धूर पोचणार नाही अशा बाजूला, सकाळचं ऊन येईल अशी, आतच लहानशी मोरी. भिंती जाड, वर समोरासमोर दोन झरोके. काका कुरकुरले, "लेक वर्षातून किती दिस येते?" मी त्यांना पुढच्या खोलीत कट्ट्यांसाठी भिंतीलगत फरशीचा ओटा काढून दिला आणि त्यांचं तोंड बंद केलं. वैशाखभर सगळे राबलो, मृगाच्या आत कौलं चढली.

दसरा झाल्यावर, पावसाळ्यात गिलावा कसा टिकला ते बघायला गेले. गिलावा झकास होता. मग त्या खोलीचं दार उघडलं अन् बघतच राहिले. आत झरोक्यापर्यंत सोयाबीनचे कट्टे! खाली फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, एकदम नीट रचलेले.

काकांचा चेहरा खुलला होता. "काय खोली बांधली मॅडम! हवा खेळते, ओल नाई. पेरनीचं बियानं ठेवाले गावात अशी जागा नाई." सोयाबीनचं बियाणं नाजूक असतं, कट्टा आदळला की उगवण गेली. म्हणून त्यांनी मजुरांना हात लावू दिला नव्हता, एकेक कट्टा स्वतः आणून ठेवला होता. मी काम इतकं चांगलं केलं होतं की लेकीची जागा बियाण्यानं घेतली. माझं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की माझ्या तोंडून आमची वऱ्हाडीच निघते.

"काका, हे बाळंतिणीची खोली व्हय!"

"लेक दिवाळीले येईल. तवा पाहू."

"तवा कायले? आजच काढा."

"बाहेर उंदीर लागतात ना!"

"ओट्याले जाळी लावून देतो. काढा."

"बियानं एकडाव जाग्यावर बसलं की हलवत नसतात, मॅडम."

मी म्हटलं, खोली रिकामी होईपर्यंत मी अंगणातून हलत नाही. बसलेही. तेवढ्यात काकूंनी माझा हात धरून मला घरामागे नेलं. "तुमी बोलू नोका. मी पाहातो." आणि लेकीला फोन लावला. "उद्याच ये. हो, उद्याच. जवाईबापूले संग आन."

दुसऱ्या दिवशी मी जाळीचं भेंडोळं घेऊन पोचले. थोड्या वेळानं जवळच्या मालेगावहून लेक-जावयाचा ऑटो आला. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायावर पाणी घातलं. सातवा सरत आलेली ती पोरगी सावकाश आत आली आणि थेट त्या खोलीकडे गेली. उन्हाळ्यापासून फोनवर तिनं त्या खोलीबद्दलच ऐकलं होतं. तिनं दार उघडलं. मागे जावई पिशवी खाली ठेवून उभा होता, त्यानंही पाहिलं.

ती वळली. आवाज चढवला नाही. "बाबा, पेरनी झाली की कळवजा. मंग येतो."

पेरणी मृगात. तोवर तिचं लेकरू बसायला लागलं असतं. काकू हाताची घडी घालून नवऱ्याकडे बघत होत्या. जावयानं खाली ठेवलेली पिशवी परत उचलली.

"थांब," काका म्हणाले. "थांब ना माय."

दुपट्टा खांद्यावर टाकून त्यांनी पहिला कट्टा उचलला. जावई पुढे झाला तर त्याला हात लावू दिला नाही. मी ओट्याला जाळी ठोकत होते. लेक बाजेवर बसून बघत होती. अर्धे कट्टे निघाल्यावर ती म्हणाली, "हळू बाबा, आदळू नोका." काका थांबले, अन् हसायला लागले. हसता हसता दुपट्ट्यानं डोळे पुसले. मलाही रडू आलं, मी मुकाट्यानं खिळे ठोकत राहिले.

संध्याकाळी खोली झाडून झाली, बाज आत गेली. मायलेकींनी दार लावून घेतलं आणि आतून त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. काकांनी आपली सतरंजी पुढच्या खोलीत, कट्ट्यांच्या ओट्यालगत अंथरली.

बाळंतपण त्याच घरात निभावलं. माघात काका शेजाऱ्याला मोटरसायकलवर घेऊन माझ्याकडे आले. शेजाऱ्याला तसंच घर हवं होतं. तो सांगायला लागला, पंप इथं, पाइप तिथं. काकांनी त्याला मधेच तोडलं.

"पोरी किती हायत ते सांग पयले."

"दोन."

"दोन खोल्या काढा मॅडम. मंग बाकीचं."

"अन् बियानं?" शेजारी म्हणाला.

"बियानं उशाशी घेऊन नीज. मी नाई निजून राह्यलो?"