शेजारच्या रकान्यात चालतं ते

समतेच्या पुस्तिकेच्या अनुवादाचा तक्ता कॉम्प्युटरवर उघडला की तीन रकाने दिसायचे. इंग्रजी, पोलिश, मराठी. परदेशातल्या एका कपड्याच्या कंपनीचं काम होतं. तिचे कपडे पोलंडमध्येही शिवले जातात आणि आपल्या औशाजवळच्या शिलाई केंद्रातही, म्हणून कामगारांना वाटायची पुस्तिका दोन्ही भाषांत. पोलिश रकाना तिकडची कुणी बाई भरत होती. मराठी मी, नांदेडातल्या भाड्याच्या खोलीत बसून.

औशाच्या त्या केंद्रात माझी मावशी काज-बटणाच्या मशीनवर आहे. तिच्याकडं राहून, रोज एसटीनं लातूरला जाऊन मी इंग्रजीत बी.ए. केलं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर माझं नाव छापणार हे कळल्यावर मावशी म्हणाली, "आपल्या खानदानात नाव छापलं ते फकस्त लग्नपत्रिकेत. साऱ्या लाइनीला दाखवते बघ."

माझी पद्धत साधी. वाक्य झालं की दुपारच्या सुट्टीत मावशीला फोनवर वाचून दाखवायचं. ती "म्हंजी?" म्हणाली की खोडायचं. इंग्रजीत एक वाक्प्रचार होता, मैदान सगळ्यांसाठी सपाट असावं. मावशी म्हणाली, "सपाट करून काय हेलिपॅड करायलेत का?" मग मी लिहिलं, 'नियम सगळ्यांना एकच, साहेबाच्या पाहुण्यालाही.'

"हे बरुबर हाय. आधी आमच्या सुपरवायझरला वाचून दाखव."

टेबलाशी प्रत्येकाला जागा, असंही होतं. आमच्याकडं टेबलाशी साहेब बसतो, बाई समोर उभी असते. मी लिहिलं, 'तुमच्याबद्दल जिथं ठरतं, तिथं तुम्हालाही खुर्ची.'

दोन दिवसांनी पाहते तर दोन्ही वाक्यांवर लाल रेघ. शेरा दोन्ही भाषांचं काम पाहणाऱ्या पुण्याच्या समन्वयक मॅडमचा: 'मूळ शब्द सोडू नका. भाषा गावंढळ वाटते.' पहिल्या वाक्याखाली त्यांनीच भरून टाकलं होतं, 'सर्वांकरिता समतल क्रीडांगण.'

शेजारच्या रकान्यात नजर गेली. पोलिश मला येत नाही, पण तिथले शेरे इंग्रजीत होते. त्याच ओळीवर त्या बाईनं लिहिलं होतं, आमच्याकडं असं कुणी बोलत नाही, म्हणून मी 'सगळ्यांना सारखी संधी' असं केलंय. त्याखाली मॅडम: 'छान. तुमची भाषा तुम्हालाच जास्त कळणार.'

तीनदा वाचलं मी ते. त्या बाईवर राग नव्हता, तिनं केलं तेच मी केलं होतं. मी फोन लावला.

"मॅडम, तिला चालतं ते मला का चालत नाही?"

"अगं, ती अनुभवी आहे. आणि मराठी मलाही येते ना."

"येते. पण त्या मशीनवर तुम्ही बसत नाही."

"हे बघ, मी सगळ्यांशी सारखीच वागते. मनाला लावून घेऊ नकोस. नाव तुझंच छापतोय की."

पुस्तिका कशाची, तर समतेची. आणि ती करताना एका रकान्यावर विश्वास, दुसऱ्याला लाल रेघ, वर नावाचा खाऊ. मी काय रडतं पोर आहे?

"मग माझं नाव काढा," मी म्हणाले. "मी लिहिलंच नाही त्याखाली मला नाव नको."

"जशी तुझी मर्जी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुस्तिका वाटल्या त्या दिवशी मावशीचा फोन आला. "मागचं पान उलटून पाहिलं. तुझं नाव न्हाई." आवाज पडलेला. मी सगळं सांगितलं.

"एवढ्यापायी नाव घालवलंस? छापू द्यायचं. इथं वाचतंय कोण?"

मॅडमच्या लाल रेघेपेक्षा हे जास्त लागलं. आमच्यातलं कुणी वाचत नाही हे त्यांनी धरलंच होतं, आता मावशीही तेच म्हणत होती.

"तू वाचतीस की," मी म्हणाले.

"वाचलं मी. क्रीडांगण. म्हंजी?"

मी माझी कच्ची वही उघडून मॅडमनी खोडलेलं माझं वाक्य वाचायला लागले.

"हळू सांग," ती म्हणाली. "मागच्या पानावर जागा हाय. लिहून घेते."